गावोगाव फिरून आलेली टॉर्च

आमच्या ह्यांनी, म्हणजे जयसिंग घोरपड्यांनी, अख्खी नोकरी हवाई दलात विमानांच्या वायरिंगवर काढली. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परतायचं सोडून इथेच, लखनौला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत फ्लॅट घेतला आणि मागच्या बाल्कनीत टॉर्च बनवायला बसले. बाजारात काय टॉर्चचा दुष्काळ पडलाय? पण नाही! ह्यांना हवी तशी कुठे मिळत नाही म्हणे.

वर्षभर खपून एक केली. तांब्याचं जाड डोकं, आत एलईडी, अशी की सहा-सात गल्ल्यांपलीकडची पाण्याची टाकी गच्चीवरून स्वच्छ दिसायची. टॉर्चच्या त्या डोक्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. आयुष्यभर सरकारी विमानं दुरुस्त केली, एकावरही आपलं नाव नव्हतं, आता ही एक वस्तू माझ्या नावाची, असं हे मला म्हणाले. तेव्हा मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसत नाही.

आता अशा टॉर्चचं गिऱ्हाईक म्हणजे ह्यांच्यासारखेच वेडे. त्यांचा मोबाईलवर ग्रुप आहे, गोमती नगरचा निरंजन तो चालवतो. त्यांची एक पद्धत. नवी टॉर्च आली की ती आधी कुरिअरनं सभासदांकडे फिरते. प्रत्येकानं वापरायची, मत लिहायचं, पुढच्याला पाठवायची. ती चांगलं नाव कमावून परतली, तर ऑर्डरी. नाहीतर राम राम.

ह्यांची टॉर्च नागपूरला गेली, तिथून इंदूरला, आणखी कुठे कुठे, आणि शेवटी इथल्याच अलीगंजच्या विश्वजितकडे. हा बँकेत आहे. घरात मराठी कळतं, पण तोंडातून हिंदीच निघते. त्यानं ग्रुपवर लिहिलं, "हाथ जल जाता है. थोड़ी देर में अपने आप बुझ जाती है. अंकल का काम कच्चा है."

कच्चा! माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "द्या त्याचा नंबर, मी बोलते." हे म्हणाले, "नंदा, टॉर्च घरी येऊ दे. तापणार नाही अशीच केली होती मी. का तापली ते मला बघायचंय."

टॉर्च आली. ह्यांनी डोकं फिरवून उघडली आणि बघतच राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणतात, "नंदा, ही माझी टॉर्चच नाही." पुढचं भिंग दुसरं. एलईडी दुसरा, दुपटीनं करंट ओढणारा. आणि आतल्या स्प्रिंगला तांब्याची जाड तार डकवलेली, म्हणजे अजून करंट. तापणार नाही तर काय होईल?

माझा हात मोबाईलकडे गेलाच होता. "फोटो टाका, आणि विचारा एकेकाला!" पण ह्यांच्या हवाई दलात नियम पक्का. विमानाला हात लावला की सही करायची. उघडायला बंदी नाही, पण ज्यानं उघडलं त्यानं सांगायचं. ह्यांना राग टॉर्च उघडल्याचा नव्हताच. सांगितलं नाही, त्याचा होता.

रविवारी ह्यांनी सगळ्यांना एकत्र कॉल लावला. सुटे भाग टेबलावर मांडले, कॅमेरा त्यावर धरला आणि विचारलं, "किसने खोला?" निरंजन म्हणाला, "अंकल, जाने दीजिए, आप दूसरी बना लीजिए." हे हलेनात. "मैं बैठा हूँ," म्हणाले, आणि खरंच नुसते बसून राहिले. माझा जीव टांगणीला. लोक एकेक करून कॉल सोडून गेले असते तर ह्यांचं नाव कायमचं बुडालं असतं.

शेवटी विश्वजितच बोलला. "अंकल, तार मेरी है. सब लगाते हैं, मुझे लगा और अच्छी चलेगी."

म्हणजे हात ज्याचा पोळला, तार त्याचीच! मग इंदूरचा म्हणाला, एलईडी माझा. नागपूरच्यानं तर पेटवायच्या आधीच उघडून भिंग बदललं होतं. बोलता बोलता तोच थांबला आणि म्हणाला, "तो फिर अंकल की असली टॉर्च देखी किसने?"

कुणीच नाही. सगळ्यांनी एकमेकांचीच तपासली होती. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला इतकं वाईट वाटलं की भांडायचंही सुचेना.

पण हे उठले ते थेट बाल्कनीत. मूळच्यासारखे जादा भाग होते ते नव्यानं जोडले, आणि पुढच्या रविवारी निरंजन आणि विश्वजितला गच्चीवर बोलावलं. दिवेलागणीची वेळ, त्यात थंडीचं धुकं. विश्वजितच्या हातात टॉर्च देऊन म्हणाले, "जला." धुक्यातून उजेड सरळ टाकीपर्यंत गेला. तो धरून उभा राहिला, बराच वेळ. हात पोळेना, उजेड कमी होईना. "आई शप्पथ," म्हणाला, पोटातून मराठीत.

निरंजन लगेच पुढे. "अंकल, ये मैं लूँगा. कसम से, कभी नहीं खोलूँगा!"

ह्यांनी विश्वजितला विचारलं, "और तू?"

त्यानं टॉर्च उलटीसुलटी करून बघितली. "खोलूँगा तो ज़रूर, अंकल. मुझसे रहा नहीं जाएगा. लेकिन पहले आपको फ़ोन करूँगा."

ह्यांनी टॉर्च त्यालाच दिली. निरंजन तोंड वासून बघत राहिला. हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो आणि फोन वाजला. "अंकल, खोल रहा हूँ."

ह्यांनी घास ताटात ठेवला. "खोल, बेटा. मैं लाइन पर हूँ."