पित्त सांगणारा पेशंट

आमचा बाबा गव्हाणजवळच्या मिठागरात राबायचा. दुखणं काढलं की दिवसाचा रोज बुडायचा, म्हणून आमच्या घरात दुखणं बोलायची रीतच नव्हती. छातीत कळ आली तेव्हाही तो डॉक्टरला म्हणाला, "काय नाय, पित्त हाय." डॉक्टरने गोळी दिली. दुसऱ्या दिवशी मिठागरात काम करतानाच बाबाने जीव सोडला.

मी घरातली पहिली पदवीधर. पनवेलच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. आमच्याकडे सरावाला एआयचा पेशंट आहे. मुली संगणकावर त्याला प्रश्न विचारतात, तो बोलून उत्तरं देतो. पण तो सगळी लक्षणं पुस्तकातल्यासारखी घडाघडा सांगायचा. असा पेशंट आमच्या भागात मी तरी पाहिला नाही. म्हणून मी त्याला दुखणं लपवायला शिकवलं, आमच्या बोलीत.

पहिल्याच मुलीने विचारलं, "काका, छातीत दुखतंय?"

"काय नाय गो बाय, पित्त हाय. तू जेवलीस का?"

वर्ग हसला. दारात येईल त्याला बाबा हेच विचारायचा, आणि हे वाक्य मी यंत्राला शिकवलं नव्हतं.

"मॅडम, पित्तच आहे. सोडू घरी?"

"आधी ईसीजी काढ!" मी ओरडलेच.

तिने स्क्रीनवर ईसीजी मागवला. हार्ट अटॅक होता.

रिकाम्या वर्गात 'तू जेवलीस का?' हा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या मुली आता इथल्याच दवाखान्यांत नोकरीला आहेत. पेशंट काहीही म्हणो, छाती तपासून घेतल्याशिवाय त्या त्याला घरी जाऊ देत नाहीत.