सरपंचबाईचं डोंगल

गावाची सरपंच मनकर्णाबाई, आणि तिची सही नवऱ्याच्या खिशात! हसू नका, कारंज्याच्या आसपास अशा सरपंचबाया शोधायला लांब जावं लागत नाही. डिजिटल सहीचं डोंगल बोटाएवढं. संगणकाला लावायचं, पिन टाकायचा, झाली सरपंचाची सही. ते डोंगल चंद्रभानजींच्या सदऱ्यात, आणि पिन पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून डोंगललाच चिकटवलेला. घ्या! कुलपालाच किल्ली बांधायची, वर म्हणायचं, सगळं सुरक्षित आहे.

चंद्रभानजी मनाचे वाईट नव्हते. पण बायकोला कोणी काही विचारलं की उत्तर त्यांच्याच तोंडून निघायचं. मनकर्णाबाई सातवी शिकलेली, जन्मभर कापूस वेचलेली. राखीव जागेवर निवडून आली आणि सभेत पदर सावरून गप्प बसू लागली.

एक दिवस हापशीवर वरच्या वस्तीतल्या नंदिनीने तिला गाठलं. वस्तीत घरोघरी नळ उभे होते, पण टाकीपासूनचा पाइपच टाकलेला नव्हता.

"पाइप जोडला म्हणून तुमीच तं सही केली ना बाई? मंग या, प्या आमच्या नळाची हवा!"

मनकर्णाबाईला काही ठाऊकच नव्हतं. नळाचं काम घेतलेल्या ठेकेदाराच्या शब्दावर चंद्रभानजींनी परस्पर सही ठोकली होती. त्या दिवशी तिला भयंकर संताप आला. आता 'घरोघरी पाणी पोचलं' हा शेवटचा दाखला तेवढा उरला होता. तो मिळाला की ठेकेदार काही परत तोंड दाखवणार नव्हता.

नेमकी त्याच सुमारास सहीची मुदत संपली. नवीन सहीसाठी मोबाइलवर व्हिडिओ द्यावा लागतो. पंचायतीचा ऑपरेटर निकेश मोबाइल धरून म्हणाला, "काकू, नाव सांगा."

"मनकर्णाबाई चंद्रभान ढोले!" मागून चंद्रभानजी गरजले.

व्हिडिओ नापास. दुसऱ्या खेपेला ते बोलले नाहीत, पण हातवारे इतके केले की बाई त्यांच्याकडेच बघत राहिली. तोही नापास.

"काकाजी, तुमी बाहेर चहा घ्या बरं," निकेश वैतागून म्हणाला.

मग बाईने पॅनकार्ड धरलं आणि आपलं नाव खणखणीत सांगितलं. सही मंजूर झाली. पिन टाकायच्या वेळी निकेशने तोंड फिरवलं. "मलेबी सांगू नका काकू. कोणालेच नाई."

घरी चंद्रभानजींनी विचारलंच, "पिन काय टाकला?"

"नाई सांगत."

"मी काय चोर हाओ?"

"चोर नाई जी तुमी. पण शिव्या मले बसतात."

चंद्रभानजी फुगून बसले. तशात ठेकेदार आला. "भाऊ, तेवढी सही करून टाका."

चंद्रभानजींनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले काऊन विचारता? सरपंचबाईले विचारा."

"पहिले पाणी दाखवा," बाई म्हणाली.

त्याने वरच्या साहेबांची भीती घातली, हात जोडले, आदळआपट केली. बाई हलली नाही. शेवटी झक मारत ठेकेदाराने नाली खोदली, पाइप टाकला.

पाणी आल्याचं कळताच मनकर्णाबाई वस्तीवर गेली. नळाखाली ओंजळ धरून पोटभर प्यायली. डोळे भरून आले, तेही तिने लपवले नाहीत.

"केली का सही, बाई?" नळाखाली पाण्याची गुंडी लावत नंदिनीने विचारलं.

"थांब वो. पहिले तुयी गुंडी भरू दे."