मेदाम्लवाल्या बाई

साबणाच्या कारखान्यातल्या त्या रसायनतज्ज्ञ. नवरा गेल्यावर धाकटा दीर मालक झाला, पण कढईतला घाणा उतरवायचा की नाही, हे अजून वहिनीच ठरवायच्या.

भांडण एका शब्दावरून पेटलं. वेष्टनावर ‘मेदाम्लांपासून बनवलेला साबण’ असं छापलेलं होतं. कुणा गिऱ्हाइकानं त्यातलं ‘आम्ल’ तेवढं वाचलं आणि बोभाटा केला. दुकानदार पेट्या परत पाठवू लागले.

दीर नवं वेष्टन घेऊन प्रयोगशाळेत आला. त्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘मेदाम्लविरहित’.

“वहिनी, खाली तुमची सही लागेल.”

“मेदाम्लं काढल्यावर साबणात उरेल काय? वास आणि वेष्टनावरचा तुमचा फोटो?”

“लोक आम्ल म्हटलं की घाबरतात.”

“मग घाबरू नका म्हणून सांगा. खोटं कशाला छापता?”

“एका शब्दानं काय आभाळ कोसळणार आहे?”

“सही माझी आहे, भाऊजी. मी नाही करणार.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या धाकट्याला म्हणाल्या, “तिला कशाला हात जोडतोस? ती ऐकायची नाही. माझंही कधी ऐकलं नाही तिनं.” त्यांच्या आवाजात तक्रार कमी होती आणि कौतुकच जास्त.

दिरानं दुसरा सही करणारा शोधला. बाईंनी त्याच दिवशी आपला पांढरा कोट खुंटीवरून काढला, कारखाना सोडला आणि घरामागच्या खोलीत स्वतःच्या साबणाची चूल मांडली. वडी ओबडधोबड निघाली. कागदावर मात्र ‘मेदाम्ल’ हा शब्द त्यांनी पूर्वीपेक्षा मोठा लिहिला.

बाजारात एका बाईनं वडी उचलली आणि चटका बसल्यागत खाली ठेवली. “आम्ल अंगाला लावायचं?”

“डोक्याला तेल लावता ना? त्या तेलातच ही आम्लं बांधलेली असतात. कॉस्टिक सोड्याशी जुळली की त्यांचा साबण होतो. मग त्याचं एक टोक तेलकट मळाला धरतं आणि दुसरं पाण्याला. म्हणून तर मळ निघतो.”

“पण नाव भलतंच आहे हो.”

“नाव बदलणार नाही. घ्यायचा तर घ्या, नाहीतर राहू द्या.”

ती बाई न घेताच गेली. त्या दिवशी बरेच जण तसेच गेले. दिराचा खप वाढला, आणि हे सांगायला तो मुद्दाम घरी आला.

“आता तरी हट्ट सोडा, वहिनी.”

“चहा घेणार?” बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता घाणा ढवळायला लागल्या.

सासूबाई बाजूला वड्या कापत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच लेकाला सांगितलं, “जाताना दार लावून घे. वारं लागलं की वड्यांना भेगा पडतात.”