हार्डनरचा कडता

सासऱ्यांची काठी मी दुकानाच्या शटरखाली मोडली. बिदरच्या बाजारात माझी तुरीची आडत आहे. कमठाण्याहून आलेल्या मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) काठी उंबऱ्याला टेकवली होती आणि मी, सासऱ्यांसमोर जावई दणकट दिसावा म्हणून, शटर एका झटक्यात खाली ओढलं. मूठ बाहेर राहिली, काठी आत.

त्यांच्या नातीचं, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या पोरीचं, लग्न दोन दिवसांवर आलेलं. "अक्षता टाकायला कुणाचा हात धरून जाणार न्हाई म्या," असं मामांनी गावभर सांगून ठेवलं होतं. (गुडघ्यांना हे कुणी कळवलं नव्हतं, ते वेगळं.) बायको म्हणाली, "सुताराकडं द्या की." मी म्हणालो, "सुतार कशाला? मी हाय की."

हार्डवेअरवाल्याने चिकटवायच्या औषधाच्या दोन ट्यूबा दिल्या. एक रेझिन, एक हार्डनर. "अण्णा, दोनी बराबर घ्या. कमी-जास्त झालं की वाळत न्हाई, चिकटच ऱ्हातंय."

मला वजन शिकवायला निघाला! माझा जन्म काट्यापुढं गेलेला. वाया जाऊ नये म्हणून शेंगदाण्याएवढंच कालवायचं ठरवलं आणि नमुना तोलायच्या छोट्या काट्यावर डबीचं झाकण ठेवलं. रेझिन तोललं. हार्डनर अगदी तेवढाच घेतला. बघितलं तर तो ओला दिसत होता. आता, तूर ओली आली की आम्ही वजनातून थोडा कडता कापतो. माझा हात सवयीने पुढं झाला आणि काडीनं थोडा हार्डनर बाजूला काढला. (पातळ वस्तू ओलीच असते, हे मला लग्न लागल्यावर सुचलं.)

लग्नाच्या सकाळी मूठ जागेवर होती, फक्त जोडातलं औषध थोडं मुठीवर ओघळलं होतं.

"कामून चिकट लागायलंय हे?" मामांनी विचारलं.

"नवं हाय मामा. नवं असंच असतंय."

मामा मांडवात एकटे, ताठ उभे राहिले. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, त्यांनीही हात झटकला, पण एक दाणा खाली पडला नाही. तोच हात त्यांनी आशीर्वाद द्यायला नातीच्या डोक्यावर ठेवला. हात उचलला तेव्हा गजरा सोबत आला, थोडे केसही आले. पोरगी कळवळली. फोटोवाला म्हणाला, "अप्पा, तसंच थांबा." मामांनी गडबडून काठीवर भार दिला, मूठ निसटली आणि ते झुकले. मी धावत जाऊन सावरलं. अख्ख्या गावासमोर त्यांना माझा दंड धरावा लागला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला लाजेने तोंड कुठं लपवावं ते कळेना.

"जावई, काय घातलं ह्यात?"

"मामा... औषध जरा वलं होतं. म्हणून कडता कापला."

मांडवातल्या माना एकदम आमच्याकडं वळल्या. त्यातला निम्मा मांडव माझ्याच दुकानी तूर आणतो.

मामांनी थोडा विचार केला. "वलं होतं म्हणून कापला, व्हय? मग आमची तूर तर खडखडीत वाळलेली असती. तिला कामून कापता?"

जेवणाची पंगत सोडून चारपाच पागोटी आमच्याकडं सरकली. मी तिथून पळणारच होतो. पण मामांचा पंजा माझ्या बाहीला असा चिकटला होता की काही केल्या सुटेना. आयुष्यात मी केलेला तेवढा एकच जोड पक्का निघाला.