सरपंचाच्या दारावर

वावधन, म्हणजे वादळ, आलं तेव्हा मी पिंप्राळ्यातल्या घरी गॅलरीतले कपडे ओढत होते. आमच्याकडे नुसता वारा सुटला, दोन-चार फांद्या पडल्या, लाईट गेली. मुक्ताईनगरकडच्या माझ्या माहेरच्या गावात मात्र त्याच वाऱ्यानं केळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या, घरांवरचे पत्रे उडवले, आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आबांच्या घराची भिंत त्यांच्या बायकोच्या अंगावर पडली. ती जागेवरच गेली.

माझी आई गावाची सरपंच. जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून झालेली. सुरुवातीला लोक वडिलांनाच सरपंच म्हणायचे आणि वडीलही ओ द्यायचे. मग एकदा पाण्याच्या टाकीवरून आई ग्रामसभेत अशी काही बोलली, की त्या दिवसापासून वडील ओ द्यायचे बंद झाले.

मी पोचले तर चुलतकाकू मला फाटकातच म्हणाली, तुझी आई रडली नाही, एकदासुद्धा नाही. आमचीही बाग गेली होती, झाडून सगळी. आईनं ती पाहिलीसुद्धा नव्हती. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याबरोबर ती बांधाबांधानं फिरली, आमच्या शेताशी आली आणि वडिलांना म्हणाली, इथलं तुम्ही दाखवा. मला काकूच्या बोलण्याचा राग आला आणि भीतीही वाटली. आई मुळात रडकी बाई आहे. टीव्हीवरच्या लग्नातही ती डोळे पुसते.

आमच्याकडे कुणी वारलं की लोक दारावर जातात. म्हणजे त्या घरी जाऊन ओट्यावर नुसतं बसतात. फार बोलत नाहीत. आई रोज दारावर जात होती. आबांच्या तर जायचीच, पण जिथं माणूस नव्हे, नुसती बाग गेली होती तिथंही. गावात यावरून थोडी कुजबुज झाली, की केळीचं काय सुतक असतं का. आभाळच फाटलंय, ठिगळ कुठंकुठं लावू, एवढंच आई मला म्हणाली, आणि चपला घालून पुढच्या घरी गेली. आमच्या दारावर मात्र कुणी येत नव्हतं. येत होते ते पत्रे कधी मिळतील, टँकर कधी येईल, हे विचारायला. सरपंचाचं सांत्वन करायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

अशात एक मोठे पुढारी यायचं ठरलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. चिखलात अडकलेल्या त्यांच्या गाड्या ढकलायला निम्मं गाव लागलं. त्यांच्याबरोबरच्या फोटोवाल्यानं एका शेतकऱ्याला पडलेला घड छातीशी धरून उभं राहायला सांगितलं. तो बिचारा उभा राहिला आणि सवयीनं हसला. फोटोवाला म्हणाला, हसू नका. मला त्याचा कॅमेरा पाटात टाकावासा वाटला.

शेवटी सगळे आबांकडे आले. आबा बायको गेल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. पुढाऱ्यांनी हात जोडले, मदतीचं सांगितलं, आबांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळं रीतसर झालं. आणि उठताना ते म्हणाले, "बरं आबा, येतो."

दारावरून उठताना कुणी येतो म्हणत नाही. गुमान उठून जायचं. येतो म्हणजे पुन्हा येईन, या घरात पुन्हा असाच प्रसंग येवो. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं आणि ते पुढारी तर इथल्याच मातीतले. पण दिवसभर दारोदार येतो, येतो म्हणत आले होते, तोंडाला वळण पडलेलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. ते मधेच थबकले, त्यांच्याही लक्षात आलं, चेहरा पार उतरला.

आई म्हणाली, "भाऊ, बसा अजून थोडं."

एवढंच. आवाजात ठपका नव्हता. लहान भावाला पाटावर पुन्हा बसवावं तसं म्हणाली. ते बसले. फोटोवाल्याला त्यांनी हातानंच बाहेर जायला सांगितलं. आणि आबा बोलायला लागले. वारं सुटलं तशी बायको वाळत घातलेले पापड काढायला मागे गेली होती, ते सांगत होते, मी म्हटलं राहू दे, तर म्हणाली पोरीसाठी केलेत. पुढारी मान खाली घालून ऐकत होते, मधेच त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला त्यांचा राग धरायचा होता, तो काही धरता आला नाही. नंतर ते उठले आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फोनवर ताडपत्र्यांसाठी तहसीलच्या कुणाशी भांडत होती. तेवढ्यात आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या दारात जात नाही. गल्लीतल्या बायका बघत राहिल्या. वडील गोंधळले, काय लागतं का म्हणाले. आबांनी नाही म्हणून मान हलवली. आईनं फोन ठेवला आणि बाहेर येऊन विचारलं, पत्र्यांचं काही राहिलं का आबा?

"तुही बी केळी गेली ना माय," आबा म्हणाले. "तुह्या दारावर कोनी आलं नसीन. म्हनून आलो."

आई उंबऱ्यावरच बसली. तिनं पदर तोंडात कोंबून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही. बायका माणसासाठी हेल काढून रडतात तशी ती रडली. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. केळीच्या पोटातून घड बाहेर पडला की आमच्याकडे केळ निसवली म्हणतात. जपून बोलतात, पोटुशी असलेल्या लेकीविषयी बोलावं तसं.

"निसवली होती हो आबा," आई म्हणत होती. "सगळी निसवली होती."