दुसरी हाक

आमच्या मावशीच्या यजमानांइतका एका हाकेला ओ न देणारा माणूस अख्ख्या परळात झाला नाही, आणि ते असे का, हे मला आजतागायत धड कळलेलं नाही. काका लस करणाऱ्या प्रयोगशाळेत घोड्यांच्या पागेवर होते. घोड्याला थोडं थोडं विष टोचलं की त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो, इथवर माझं डोकं चालायचं. पुढे काका म्हणत, "नुसत्या विषानं रक्त कूस बदलून पुन्हा झोपतं रे! सोबत तुरटी टोचली की खडबडून उठतं. दोन खुणा पटल्याशिवाय ते हलायचं नाही." "पण तुरटीच का?" "ते साहेबांनाही ठाऊक नाही!" हे ते इतक्या अभिमानानं सांगत की मीच वेडा ठरायचो.

बरं, रक्ताचं रक्तापाशी ठेवावं! पण नाही. मावशीनं "पानं वाढलीत" म्हटलं की हे ढिम्म. दुसऱ्यांदा ओरडली की पाटावर. "मेल्या घोड्यांनी माझा घसा नेला," ती म्हणायची. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात तर कहर. हजारो लोक दर घोषणेला "झालाच पाहिजे" गरजत असताना काका एक घोषणा सोडून दर दुसरीलाच तोंड उघडत. शेजारच्या गिरणीवाल्यानं डोळे वटारले, "ओ, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" त्यानं एकदाच विचारलं, म्हणून काकांनी उत्तरही दिलं नाही. मी मधे पडलो म्हणून निभावलं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर! त्यांच्या एकुलत्या एक सुमनला बघायला दादरची मंडळी आली. मुलगा सुमनला मनापासून आवडलेला. तिनं तसं माझ्या कानात सांगितलंही होतं. मुलाचे वडील म्हणाले, "मुलगी आम्हांला पसंत आहे. तुमचं काय?" काका गप्प. मावशी पदराआडून खुणा करतेय, सुमनचा चेहरा पांढराफटक, आणि काका तुळईकडे बघतायत. पाहुणे उठले, जिना उतरले. मी धावत जाऊन त्यांना नाक्यावर गाठलं आणि हात जोडले, "तेवढं पुन्हा एकदा म्हणा हो!" "का?" आता काय सांगू, कपाळ! घोडा, तुरटी, सुचेल ते बरळलो. म्हातारा चक्रावला, पण भला माणूस, परत जिना चढून दारातूनच म्हणाला, "अहो, मुलगी पसंत आहे!"

"आम्हांलाही मुलगा पसंत!" काका ताडकन उठले आणि साखर आणायला स्वतःच धावले.

लग्न झालं. निघताना सुमननं वाकून नमस्कार केला. "बाबा, येते." काका ढिम्म. वऱ्हाड खोळंबलं. ती डोळे पुसता पुसता हसली, पुन्हा म्हणाली, "बाबा, येते हं." तेव्हा कुठे त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडी गेल्यावर मी चिडून म्हटलं, "काका, आज तरी पहिल्या हाकेला ओ द्यायचीत!"

"पहिल्यांदाच ऐकलं होतं रे," काका म्हणाले. "आणखी एकदा 'बाबा' म्हणेल, म्हणून थांबलो."

त्यांचं एवढं एकच मला लगेच कळलं.