त्याच्या घराची किल्ली

लंडनमध्ये इल्फर्डला आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहणारा साठीतला ब्लॅक गृहस्थ मला नेहमी जिन्यात भेटतो. कडक इस्त्रीचा शर्ट, बोटात ठसठशीत अंगठी आणि प्रत्येक वाक्याला ‘डार्लिंग’. माझ्या सासूबाईंनाही तो डार्लिंगच म्हणतो. त्या पहिल्यांदा दचकल्या, आता वाट बघतात.

पूर्वी रविवारी त्याचे मित्र जमायचे. सगळे त्याच्यासारखेच ब्लॅक, गे आणि घरच्यांपासून ते लपवून जगलेले. त्यांच्या हसण्याचा गलका आमच्या किचनपर्यंत यायचा. ते जिथे नाचायला जायचे त्या क्लबच्या जागी आता महागडे फ्लॅट्स झालेत. कोणी भाडं झेपेना म्हणून लांब गेला, बाकीचे एकेक करून वारले. रविवारी आता खालून फक्त टीव्ही ऐकू येतो. त्याच्या हॉलमध्ये त्या सगळ्यांचा एक फोटो आहे. त्यात हा एकाच्या गालाचा मुका घेतोय.

त्यांची एक रीत होती, ती त्यानेच मला सांगितली. प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या घराची किल्ली असायची. कोणी वारला की नातेवाईक यायच्या आत तिथे पोहोचायचं आणि त्याच्या आईला दिसू नये ते सगळं उचलून आणायचं.

परवा तो वर आला आणि त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. “आता तूच आहेस, डार्लिंग.”

मी विचारलं, “काय काय काढायचं?”

“काहीच नाही. फक्त हॉलमधला लाइट लावून ठेव. माझ्या बहिणीला तो फोटो नीट दिसला पाहिजे.”